बटव्यातला जाड क्यू

मी क्यू बोलतोय. रेशनच्या दुकानापुढची रांग नव्हे, इंग्रजी अक्षर. आता तुम्ही म्हणाल, अक्षराला कसलं आलंय आत्मवृत्त! पण मी नुसता कागदावरचा नाही. मी लाकडाचा आहे, बोटाच्या पेराएवढा, अंगावर काळ्या शाईने काढलेला क्यू आणि कोपऱ्यात बारीक दहाचा आकडा. इंग्रजी शब्द जुळवायचा तो खेळ तुम्ही पाहिला असेल. मधे चौकोनांचा पट, प्रत्येकाच्या पुढ्यात एक लाकडी पट्टी, पट्टीवर सात अक्षरं, आणि त्यांच्यातून शब्द शोधत बसलेली माणसं.

त्या खेळातलं सगळ्यांत नावडतं अक्षर मी. माझे गुण दहा, पण मला सोबतीला यू लागतो, आणि यू वेळेवर येईल तर शपथ. डाव संपताना ज्याच्या पट्टीवर मी उरतो त्याचे दहा गुण कापले जातात. म्हणून मी हाती आलो की माणसाचं तोंड काढा प्यायल्यासारखं होतं. मला आता त्याची सवय झालीय. सवय झालीय म्हणजे वाईट वाटत नाही, असं मात्र समजू नका.

माझा जन्म पुण्यातला, शनिपाराजवळच्या एका फ्लॅटच्या गॅलरीतला. मला घडवलं अनंतरावांनी. खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर रेघा मारल्या पण एक वाकडी गेली नाही, असं ते स्वतःच सांगतात, विचारायची वाट न पाहता. घराला रंग काढला तेव्हाच्या उलथापालथीत खेळातला मूळचा क्यू कुठेतरी गडप झाला. एका अक्षरासाठी अख्खा खेळ नवा आणणं अनंतरावांच्या तत्त्वात बसेना. मग त्यांनी ऑफिसातली जुनी लाकडी फूटपट्टी काढली, करवतीने तुकडा कापला, पॉलिश पेपरने घासला, बोरूने अक्षर काढलं आणि मला उन्हात वाळत ठेवलं.

काम सुबक झालं होतं. फक्त इतर सोंगट्यांपेक्षा मी सूतभर जाड राहिलो.

पद्मजाबाई, म्हणजे अनंतरावांच्या पत्नी, यांनी मला उचललं आणि लगेच म्हणाल्या की हा हाताला कळतो, बटव्यात न बघतासुद्धा ओळखू येईल. सोंगट्या ठेवायचा खणाचा बटवा त्यांनीच शिवलेला, तेव्हा त्यांचा शब्द हलका नव्हता. पण आपण केलेली वस्तू जाड झाली हे कबूल करतील तर ते अनंतराव कसले! त्यांनी मला पुन्हा घासण्याऐवजी घरात नियमच करून टाकला. बटव्यात हात घातला की नजर छताकडे, आणि पहिली जी सोंगटी बोटाला लागेल तीच काढायची. चाचपडायचं नाही. सभ्य माणसं चाचपडत नाहीत, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सुरुवातीला नवराबायकोच खेळायचे. पण पद्मजाबाईंना शब्द पटकन दिसायचे. चहा गाळता गाळता एक नजर टाकायच्या आणि सहज जिंकून जायच्या. मग अनंतराव संध्याकाळभर गप्प, जेवतानाही गप्प, भाजीला मीठ जास्त झालं एवढंच बोलायचे. शेवटी पद्मजाबाईंनी हात जोडले. तुमचा खेळ तुम्हाला लखलाभ, मला माझी संध्याकाळ हवी, म्हणाल्या. त्यानंतर अनंतराव एकटेच दोन पट्ट्या मांडून खेळायचे आणि दोन्ही बाजूंनी जिंकायचे.

अशात त्यांच्या मुलाचं, सलिलचं लग्न झालं. सून नम्रता, तिकडची हिंगणघाटची, इथे हडपसरला आयटीत नोकरी करणारी. दोघांनी वारज्याला घर केलं. नम्रताचे वडील रावसाहेब म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. पत्नी गेल्यावर ते हडपसरला मुलाकडे, दिग्विजयकडे राहायला आले होते. नव्या गावात ओळख ना पाळख. तेव्हा रविवारी व्याह्यांकडे जाऊन येत जा, असं नम्रतानेच त्यांना सुचवलं.

पहिल्या रविवारी ते संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मुलीचा बाप व्याह्यांच्या घरी जसा बसतो तसे. हवापाण्याचं बोलून झालं, प्रवास कसा झाला ते बोलून झालं, मग दोघेही पंख्याकडे बघायला लागले. पद्मजाबाईंना ते बघवेना. त्यांनी पट आणून दोघांच्या मधे ठेवला आणि बटवा रावसाहेबांच्या हातात दिला.

रावसाहेबांची बोटं बटव्यात आली ती मला अजून आठवतात. खडूने कोरडी पडलेली, सावकाश चालणारी बोटं. ती मला लागली, थबकली, माझ्या कडेवरून एकदा फिरली. त्यांना लगेच कळलं. मी म्हटलं, आता हे मला बाजूला सारणार. त्यांनी मला उचललं आणि आपल्या पट्टीवर अगदी डावीकडे नेऊन ठेवलं. डाव संपला तरी मी तिथेच होतो. दहा गुण कापले गेले, रावसाहेब थोडक्यात हरले आणि अनंतरावांचा चेहरा उजळला. पुढच्या रविवारी नक्की या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

ते येत राहिले आणि दर डावात मला शोधत राहिले. अनंतराव छताकडे बघून प्रामाणिकपणे हाताला येईल ते काढायचे, आणि हे मास्तर बटव्यात मला हुडकायचे. आपल्याला कुणी शोधतंय याचं मला आधी फार अप्रूप वाटलं. पण पटावर ठेवतील तर ना! एकदा त्यांच्या पट्टीवर मी होतो, यू होता, आय, ई आणि टी होते. सरळ 'क्वाएट' होत होतं, आणि पटावर जागाही मोकळी होती. त्यांनी शांतपणे 'टाय' लावला आणि मला ठेवून दिलं. मला असा राग आला म्हणून सांगू! माझा जन्म काय नुसता पट्टीवर बसून राहायला झाला होता?

त्याच वेळी पद्मजाबाई चहा घेऊन त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी पट्टी पाहिली, पट पाहिला, आणि कप गुपचूप टेबलावर ठेवले. अनंतराव हात धुवायला उठले तेव्हा मात्र त्यांनी हळूच विचारलं, हे काय चाललंय?

रावसाहेब ओशाळले. म्हणाले, "ताई, मुलीचा बाप आहे मी. व्याह्यांना त्यांच्याच घरात हरवून कसं चालते? लेक सुखात राहावी, बस." आणि मग जरा थांबून, "यांना सांगू नका जी."

पद्मजाबाईंनी कपाळाला हात लावला. आजच्या काळात हे कसलं खूळ, असं म्हणाल्या, पण सांगितलं मात्र नाही. अनंतरावांची संध्याकाळ चांगली जात होती आणि भाजीचं मीठ बरोबर होत होतं, हेही त्यामागे असावं. रावसाहेबांना हरायचं फक्त थोडक्यात असायचं. समोरच्याला संशय येऊ नये आणि चुरसही वाटावी, इतपत. त्यासाठी ते मनातल्या मनात सगळा हिशोब मांडत बसायचे. जिंकायला त्यांना निम्मेच कष्ट पडले असते.

मी पट्टीवर बसून दोघांना बघायचो. शब्द शोधताना माणूस कसा उघडा पडतो हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. अनंतराव सोंगट्या सारख्या पुढेमागे हलवायचे, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, चुकीचा शब्द ठामपणे लावायचे आणि मग जाड डिक्शनरीत तो सापडला नाही की डिक्शनरी जुनी झालीय म्हणायचे. रावसाहेब सोंगट्यांना हात लावायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. ज्या भाषेत दोघांनीही कधी कुणाला रागावलं नाही की लाड केला नाही, तिच्यातले शब्द ते तासन् तास शोधायचे. आणि शोधता शोधता मराठीत एकमेकांना सगळं सांगायचे. रावसाहेबांनी दुर्गाबाईंच्या, म्हणजे पत्नीच्या, शेवटच्या आजारपणाचं असंच एकदा एक्सला जागा शोधताना सांगितलं. अनंतरावांनी आपली पाळी तशीच सोडून दिली आणि ऐकत बसले.

अनंतरावांनी त्यांना शिकवायचाही चंग बांधला होता. क्यू आला की यू जपून ठेवायचा, रावसाहेब, उधळायचा नाही, असं ते दर रविवारी समजावून सांगायचे. इंग्रजी थोडं कच्चं आहे पण माणूस लाखात एक, असं त्यांचं मत झालं होतं. रावसाहेब मान डोलवायचे. पद्मजाबाई पदर तोंडाला लावून आत जायच्या.

अशी काही वर्षं गेली. मग तो रविवार आला.

डाव निम्म्यावर होता. मी रावसाहेबांच्या बोटांत होतो. विचार करताना मला बोटांत फिरवायची त्यांना सवय लागली होती. बेल वाजली. सलिल आणि नम्रता आत आले, दोघं एकत्र, आणि दोघंही बसली नाहीत. दोन्ही वडील एका ठिकाणी भेटतात ते इथेच, म्हणून इथे आलो, असं सलिल म्हणाला. मग नम्रताने सांगितलं की ते वेगळे होताहेत. भांडण नाही, दुसरं कुणी नाही. एकत्र राहून दोघंही सुकत चाललीत, तेव्हा दोघांनी मिळून ठरवलंय. वकिलांशी बोलणंही झालंय.

पद्मजाबाई दोघांकडे आळीपाळीने बघायला लागल्या. अनंतराव पोरांकडे बघेनात. ते पटाकडेच बघत राहिले, जणू तिथे काही लावायचं राहिलं होतं. त्यांना राग आला होता, त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. मी त्यांच्या हातचा, मला कळतं. पण भीती वाटली की अनंतरावांची जीभ तिरकी चालते. रावसाहेबांकडे न बघता ते म्हणाले, "मग आता आपण इथे कोण म्हणून बसलात, रावसाहेब?"

इतकी वर्षं 'तुम्ही' म्हणणारा माणूस 'आपण' म्हणाला. रावसाहेब उठले. लेकीच्या पाठीवर हात ठेवला, दोघं जिना उतरली, गाडीत बसली. हडपसरच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी मूठ उघडली तेव्हा त्यांना कळलं की मी त्यांच्या हातातच राहिलोय.

तसा मी हडपसरचा झालो. दिग्विजयच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी रावसाहेबांची खुर्ची होती. सकाळी ते मला सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि झोपताना चष्म्याशेजारी काढून ठेवायचे. नम्रता तिथेच राहायला आली होती. कोर्टाचं काम रीतसर चाललं होतं आणि मुलं आपापसांत नीट बोलत होती. वारज्याच्या घराचं काय करायचं, कुठली भांडी कुणी न्यायची, हे फोनवर शांतपणे ठरत होतं. रुसले होते ते म्हातारे.

रविवारी चार वाजले की रावसाहेबांना बसवत नसे. मग ते मोबाइल काढायचे. शब्द शोधून देणारी एक साइट त्यांना सापडली होती. कुठली अक्षरं हवीत ती टाकायची, कुठली नकोत ती टाकायची, की खाली शब्दांची रांग लागते. त्यांचं मन काही त्यात रमेना. जे शोधायला अनंतराव चहा गार करायचे ते इथे बोट लावताच हजर. शिवाय हा शब्द तुम्ही जन्मात कधी वापरलाय का, असं खडसावून विचारणारंही कुणी नाही.

एका रविवारी त्यांनी गंमत म्हणून मलाच शोधलं. क्यू हवा, यू नको. खाली शब्द आले. फकीर आला, कव्वाली आली, निकाब आला. रावसाहेबांना मजा वाटली. अरे, हे तर आपल्या ओळखीचे, असं पुटपुटत ते रांग खाली सरकवत गेले आणि एका शब्दावर बोट थांबलं. टी, ए, एल, ए, आणि शेवटी मी. तलाक. खेळात चालणारा साधा पाच अक्षरी शब्द, चांगल्या गुणांचा. रावसाहेबांनी मोबाइल पालथा घातला आणि चष्मा काढून डोळे पुसले. खिशातून मला काढून ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होते. मी काय करणार! मला कुठे लावायचं हे मी थोडंच ठरवतो?

नम्रता हे सगळं दारातून बघत होती. ती येऊन त्यांच्या पायाशी बसली. म्हणाली की बाबा, हा परत द्यायला हवा ना. त्यांचा खेळ अडला असेल.

"द्यायला हवा," रावसाहेब म्हणाले. "पण जाऊ कोण म्हणून? व्याही होतो तोवर दाराशी हक्क होता. आता नातं काय सांगू?"

"बाबा, मोडलं ते माझं नि सलिलचं. तुमचं मोडायला कुणी सांगितलं होतं?"

रावसाहेबांनी मला चष्म्याशेजारी काढून ठेवलं. दिग्विजय व्यवहारी मुलगा. त्याने मला पाकिटात घातलं, वर शनिपारचा पत्ता लिहिला आणि पार्सलवाल्याकडे द्यायला टेबलावर ठेवून तो ऑफिसला गेला. मी पाकिटाच्या अंधारात पडून राहिलो. वाटलं, झालं, आता दार उघडेल, कुणीतरी सही करेल आणि मला बटव्यात टाकून देतील. त्यानंतर या दोघांना एकमेकांचं तोंड बघायला काही कारणच उरणार नाही. मला नावडतं अक्षर म्हणतात, पण त्या क्षणी त्या दोन घरांमध्ये मी एवढाच काय तो उरलो होतो.

रविवारी दुपारी पाकीट टरकन फाटलं. रावसाहेबांनी मला खिशात टाकलं, पायात चपला घातल्या आणि ते गाडीतळाच्या थांब्यावर येऊन स्वारगेटच्या बसमध्ये बसले. थांब्यावर येताना संत्रा बर्फी घ्यायला ते नेहमीच्या दुकानाशी थांबले होते, पण न घेताच पुढे निघाले होते. व्याह्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, पण आता व्याही कुठले? स्वारगेटला उतरल्यावर परतीची बस समोरच उभी होती. तिच्याकडे ते बघत राहिले. कंडक्टरने चलायचं का म्हणून विचारलंसुद्धा.  मग त्यांनी खिशावरून हात फिरवला आणि बाजीराव रस्त्याने चालायला लागले.

दार पद्मजाबाईंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या आणि पदराने डोळे टिपत चहा टाकायला गेल्या. अनंतराव खुर्चीत होते. वाळल्यासारखे दिसत होते. रावसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं. हा चुकून माझ्याकडे आला होता, द्यायला आलोय, असं उभ्याउभ्याच सांगितलं.

"तुमच्या हाताला काय अवघड होतं," ते पुढे म्हणाले, "दुसरा करून घ्यायचा होता. खेळ अडला नसता."

"लाकूड नव्हतं," अनंतराव म्हणाले.

"फूटपट्टी अजून अर्धी शिल्लक आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

अनंतरावांनी तिकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. मग घसा साफ केला. आलाच आहात तर एक डाव होऊन जाऊ दे, असं म्हणून त्यांनी पट मांडला. खूप दिवसांनी उघडलेल्या बटव्याला कोंदट वास येत होता. मला आत टाकलं. मी वाट बघत राहिलो, आता ती ओळखीची बोटं येतील. रावसाहेबांचा हात आत आला, माझ्या शेजारून निघून गेला, आणि त्यांनी पहिली लागली ती सोंगटी उचलली. नंतर दुसरी. मला कुणी शोधतच नव्हतं. डाव थोडा पुढे सरकला आणि छताकडे बघत घातलेल्या अनंतरावांच्या हातात मी अलगद आलो.

त्यांनी मला पट्टीवर ठेवलं आणि वळवून बघितलं. मग पुन्हा बघितलं. "गंमत आहे," ते म्हणाले. "तुम्ही खेळायला लागल्यापासून हा माझ्याकडे कधी आलाच नाही."

 पद्मजाबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. अनंतरावांनी मला उचललं, दुसऱ्या हातात एक साधी सोंगटी घेतली, डोळे मिटले आणि दोन्हींवरून अंगठा फिरवला. जन्मभर ड्रॉइंगवर मापं लिहिलेला अंगठा तो. त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार! कळलं, आणि त्याच्या मागचंही सगळं कळलं. प्रत्येक रविवार, प्रत्येक डाव, आपण शिकवलेला प्रत्येक धडा. चेहरा असा पडला की मला बघवेना.

"तुम्ही मला जिंकू देत होतात," ते म्हणाले.

रावसाहेबांनी मान खाली घातली. "मुलीचा बाप होतो ना, अनंतराव."

"आणि आता?"

"आता कोणीच नाही."

अनंतराव उठून गॅलरीत गेले. मला मुठीत घेऊनच गेले. खोके सरकवल्याचे आवाज झाले, ड्रॉवर उघडला, मिटला. पॉलिश पेपरचा एक तुकडा घेऊन ते उन्हात बसले आणि मला घासायला लागले. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण इतक्या दिवसांत प्रथमच मला बरंही वाटत होतं. मधे मधे ते मला साध्या सोंगटीशेजारी धरून बघायचे आणि पुन्हा घासायचे.  शेवटी ते आत आले, पटावरच्या सगळ्या सोंगट्यांबरोबर मला बटव्यात टाकलं, बटवा खळाखळा हलवला आणि रावसाहेबांपुढे धरला.

"कोणीच नाही ना?" ते म्हणाले. "मग आता हरवा मला."

आणि रावसाहेबांनी हरवलं. काय खेळले हो ते! अक्षरं तीच, पट तोच, पण माणूस खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून ऐसपैस बसला होता. लांब लांब शब्द लावत होते, दोनदोन बाजूंनी गुण घेत होते. अनंतराव दर शब्दाला डिक्शनरी उघडत होते आणि दर वेळी ती मिटून ठेवत होते. अखेरीअखेरीस मी रावसाहेबांच्या हाती आलो, पण उलटा करून बघेपर्यंत त्यांना कळलंही नाही. त्यांच्याकडे यू होता. त्यांनी 'क्विल्ट' लावला. पटाच्या मधोमध, मी सगळ्यांत पुढे. कितीतरी वर्षांतला माझा पहिला शब्द. गोधडी! मला याहून काही नको होतं.

डाव संपला. अनंतराव चांगलेच हरले होते. त्यांनी गुणांची बेरीज पुन्हा करून पाहिली आणि म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी फार चांगला खेळतो."

"चांगलेच खेळता," रावसाहेब म्हणाले. "फक्त हरता वाईट."

पद्मजाबाईंना हसू आवरेना. अनंतरावांनी आधी त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि मग तेही हसले, हसता हसता डोळे भरले, आणि त्या दिवशीच्या बोलण्याचं वाईट वाटतंय असं ते तुटक तुटक काहीतरी म्हणाले. रावसाहेबांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मी बटव्यात गेलो. आजवर रावसाहेब निघाले की अनंतराव दारातूनच 'या' म्हणायचे, मुलाच्या बापाने जिना उतरायचा नसतो म्हणून. त्या संध्याकाळी मला जिन्यावरून दोन जोडी चपला खाली गेलेल्या ऐकू आल्या. स्वारगेटच्या बसपर्यंत पोचवून आले म्हणे.

आता माझं बरं चाललंय. घासल्यामुळे माझं अक्षर जरा पुसट झालंय, पण मी कुणाच्याच हाताला कळत नाही. कधी याच्याकडे जातो, कधी त्याच्याकडे. रावसाहेब बरेचदा जिंकतात, अनंतराव संध्याकाळभर गप्प बसतात आणि पद्मजाबाई भाजीत मीठ कमीच घालतात. सलिल कधी आला तर रावसाहेबांसाठी खुर्ची ओढून देतो. काय म्हणून हाक मारावी हे त्याला कळत नाही, म्हणून तो हाकच मारत नाही. तरी चहा मात्र तोच आणून देतो.

गेल्या रविवारी रावसाहेबांनी डाव मधेच थांबवला. मोबाइलवर एक फोटो उघडून तो अनंतरावांपुढे धरला. नम्रतासाठी एक स्थळ सांगून आलंय, मुलगा नाशिकचा आहे, बघून घ्या आणि कसा वाटतो ते सांगा, म्हणाले. ज्याच्या मुलाशी तिचं मोडलं त्याच बापाला ते विचारत होते, कारण विचारण्याजोगा दुसरा माणूस त्यांना या शहरात नव्हता. मी पट्टीवर होतो, मला सगळं दिसत होतं. अनंतरावांनी चष्मा पुसला. फोटो बराच वेळ पाहिला, हळूच मोठा करून पाहिला. 

मुलांनो, म्हणजे तुम्ही जे हे वाचताय ते, माझं एवढंच मागणं आहे. तुमचं पटलं नाही तर वेगळे व्हा, मी कोण सांगणारा! पण तुमच्यामुळे जी माणसं एका पटावर आली, त्यांना उठवायच्या आधी एकदा विचारा. त्यांना बोलायला दुसरं कुणी नसतं.

अनंतरावांनी मोबाइल परत दिला. "मुलगा चांगला दिसतो," ते म्हणाले. "करून टाका. आणि त्या व्याह्यांपुढे काय हरायचंय ते खुशाल हरा. पण शनिवारी. रविवार दिलेला आहे."

मग त्यांनी छताकडे बघत बटव्यात हात घातला.